उन्हाळ्यातला पाव: गोळा ओट्यावर फुगवायचा की फ्रिजमध्ये?

विदर्भात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा ओट्यावर ठेवलेला पावाचा गोळा पाऊण तासातच दुप्पट होतो. काम लवकर उरकतं खरं, पण चव मुरायला वेळच मिळत नाही. जरा दुर्लक्ष झालं की आंबूस वास येतो, जाळी ढासळते आणि पाव ओव्हनमध्ये बसतो. ओट्यावरच फुगवायचं असेल तर पाणी बर्फाचं घ्या आणि यीस्ट निम्मं करा. अर्ध्या किलो मैद्याला ३ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट पुरतं.

मला मात्र फ्रिजच पटतो. रात्री गार पाण्यात मळायचं, तेल लावलेल्या डब्यात ८ ते १२ तास ठेवायचं. चार-पाच अंशांना यीस्ट अगदी मंदावतं, चव हळूहळू मुरते, गोळाही कमी चिकटतो. डबा मोठा हवा, कारण पूर्ण गार होईपर्यंत गोळा फुगतच राहतो. सकाळी तो वळून साच्यात पुन्हा फुगवावा लागतो, तरी ऊन चढायच्या आत पाव भाजून होतो. भर दुपारी २०० अंशांचा ओव्हन लावून स्वयंपाकघरात उभं राहणं किती जिवावर येतं, हे नागपूरकरांना सांगायला नको!

लाइट तासन्‌तास जात असेल, तर पहाटे मळून ओट्यावरच फुगवा.