डोंगळ्यासाठी भाड्याने आणलेल्या मधमाशीच्या पेट्या: पाचपैकी साडेतीन स्टार

गेल्या वर्षी डोंगळा (बियाण्यासाठी लावलेला कांदा) फुलावर आला, गोंडे टरारून उभे, आणि प्लॉटमध्ये माशी नाही. कमी नाही, नाहीच. पराग इकडचा तिकडं व्हावा म्हणून आई आणि बायको रोज सकाळी गोंड्यांवरून हात फिरवत होत्या, कोणी सांगितलं म्हणून गुळाचं पाणी पण मारलं तर त्याला मुंग्या आल्या. अर्ध्या एकरात पूर्वी दोन क्विंटल उळं (कांद्याचं बी) निघायचं तिथं पाऊण निघालं, त्यातलं पण बरंच पोचट. म्हणून यंदा चार पेट्या भाड्याने आणल्या, पेटीला महिन्याचे १८०० आणि गाडीभाडं वेगळं. कोणाकडून ते लिहीत नाही कारण तक्रार पण करायचीय आणि माणूस वाईट नाहीये.

आधी चांगलं सांगतो. मी आठ दिवस आधीच आणा म्हणून मागं लागलो होतो, पेटीवाला म्हणाला दहा टक्के फुलं उघडल्याशिवाय पेटी ठेवणार नाही, नाहीतर माशीला दुसऱ्याच फुलाची सवय लागते. कांद्याच्या फुलातल्या रसात पोटॅशियम जास्त असतं, तिला तो फार आवडत नाही म्हणे, शेजारी मोहरी किंवा कोथिंबीर फुललेली असली की पहिली तिकडं पळणार. आणि कांद्याच्या फुलात पराग आधी सुटतो, स्त्रीकेसर नंतर तयार होतो, त्यामुळं एका फुलावरचं दुसऱ्यावर नेणारं कोणीतरी लागतंच, नुसत्या वाऱ्यावर भागत नाही. इतकी वर्षं कांदा करतोय, हे मला माहीत नव्हतं. पेट्या रात्री ११ ला आल्या, दाराला जाळी लावून, स्टँडच्या पायाखाली पाण्याच्या वाट्या मुंग्यांसाठी. तिसऱ्या दिवशी सकाळी प्लॉटमध्ये उभं राहिलं की नुसती गुणगुण.

आता तक्रार. चारपैकी एक पेटी मेलेल्यातच जमा होती. बाकीच्यांत सात-आठ फ्रेम (पोळ्याच्या चौकटी) माश्यांनी भरलेल्या, हिच्यात जेमतेम तीन, आणि पेटीपुढं चुरगळलेल्या पंखाच्या माश्या जमिनीवर सरपटत होत्या. फोन केला तर "भरेल भरेल". फोटो पाठवले तेव्हा सहाव्या दिवशी बदलून दिली, पण फुलाचे सहा दिवस गेले त्याचं काय? बदलताना त्याने एक अळी उकरून दाखवली, तिच्यावर मोहरीएवढा तांबडा किडा, व्हॅरोआ. हा मूळचा आपल्या सातेरी माशीवरचा, सातेरीला त्याची सवय आहे, ती त्याला अंगावरून वेचून काढते. पेटीतली माशी परदेशी मेलिफेरा, १९६२ ला हिमाचलात नगरोटा बगवानला आणून बसवली ती, तिला ते नीट जमत नाही. किडा रक्त पितो असं आपण म्हणतो, खरं तर तो माशीच्या अंगातली चरबी खातो आणि वर पंख वाकडे करणारा व्हायरस देऊन जातो. एवढं सगळं माहीत असलेल्या माणसाने ती पेटी गाडीत चढवलीच कशी हा माझा प्रश्न आहे. एक स्टार तिथं गेला.

अर्धा स्टार कशाचा ते पण सांगतो. बाविसाव्या दिवशी शेजारच्या रानात (रान चुलतभावाचं आहे, त्यामुळं जास्त बोलता पण येत नाही) थ्रिप्ससाठी (फुलकिड्यांसाठी) इमिडा, म्हणजे इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक मारलं, सकाळी १० वाजता, भर उन्हात, माश्या सगळ्या बाहेर. संध्याकाळी दोन पेट्यांपुढं ओंजळीने उचलाव्या एवढ्या मेलेल्या, काही गोल गोल फिरत होत्या. पेटीवाला दुसऱ्या दिवशी आला, आरडाओरडा काही नाही, चार माश्या तळहातावर घेऊन दाखवल्या, सगळ्यांच्या जिभा बाहेर. म्हणाला ही औषधाची खूण. मी अमेरिकेतलं ऐकलं होतं, २००६ च्या हिवाळ्यात तिकडं पेट्याच्या पेट्या रिकाम्या झाल्या ते, तर म्हणाला तो प्रकार वेगळा, तिथं राणी आत, अंडी-पिल्लं आत, मध आत आणि कामकरी माश्या गायब, पेटीजवळ मढी पण नाहीत, आणि एकच कारण आजवर कोणी छातीठोक सांगितलेलं नाही, किडा, व्हायरस, औषध, उपासमार सगळं मिळून धरतात. आपल्याकडं ढीग दारातच पडला होता, शोधायला काय लागतंय. युरोपात हेच इमिडा आणि त्याची दोन भावंडं २०१८ ला उघड्या शेतात बंद केली, आपल्याकडं दुकानदार न विचारता हातात देतो.

पण साहेब, हे सगळं पेट्या ठेवायच्या आधी सांगायचं ना! शेजाऱ्यांना गोळा करून पाच मिनिटं बोलला असता, फुलात मारू नका, मारायचंच तर दिवस मावळल्यावर मारा, तर दोन पेट्या वाचल्या असत्या. करारात "औषधाने माशी मेल्यास भरपाई शेतकऱ्याची" हे मात्र ठळक लिहिलंय. ४००० भरले. चुलतभावाने निम्मे दिले, ते पण चुलतीने सांगितल्यावर.

उळं पावणेदोन क्विंटल निघालं, दाणा भरलेला, काळाभोर. पैसे वसूल, त्यात वाद नाही. फक्त हिशोब लिहिताना वडील शेजारी बसले होते, ते म्हणाले आमच्या वेळी विहिरीच्या कपारीत सातेरी, बांधावरच्या बोरीला फुलोरी, उंबरावर आग्या, भाडं कोणाला देत होतो? बोर मीच जेसीबीने काढली, दोन सरी वाढल्या तिथं. उंबरावरचं आग्यामोहोळ मध काढणाऱ्यांनी टेंभा लावून जाळलं, ते परत बसलं नाही. विहिरीतलं कधी गेलं कोणाच्या लक्षात पण नाही.

पुढच्या वर्षी सहा पेट्या सांगितल्यात, दोन चुलतभावाच्या नावावर. गाडीतून उतरवायच्या आधी प्रत्येक पेटी उघडून फ्रेमा मोजणार, पाचपेक्षा कमी भरली तर त्याच गाडीत परत.