टाच दिसत होती, तरीही मी पैसे पाठवले

आमच्या हौशी नाट्यसंस्थेने २०२४ साली राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीसाठी बसवलेल्या नाटकात संपूर्ण दुसरा अंक रंगमंचाच्या मधोमध एक पुतळा उभा राहणार होता, आणि त्या पुतळ्यापायी आमचे ३६,५०० रुपये बुडाले. त्यातले २६,००० रुपये सव्वीस सभासदांनी प्रत्येकी हजार काढून जमवलेले होते आणि उरलेले १०,५०० माझ्या खात्यातून गेले. काहींना ही रक्कम किरकोळ वाटेल. पोलीस ठाण्यातल्या साहेबांनाही ती तशीच वाटली. त्यांच्याविषयी पुढे लिहिणारच आहे. मला लाज वाटते ती रकमेची नाही. एकोणीस वर्षे नेपथ्य आणि प्रॉपर्टी, म्हणजे रंगमंचावरच्या वस्तू, सांभाळणाऱ्या बाईला कारागिराने डमीच्या बाबतीत फसवावे, याची वाटते.

पुतळा होता एका शाळेच्या संस्थापक गुरुजींचा. धोतर, बंद गळ्याचा कोट, डोक्यावर पगडी, उजव्या हातात पुस्तक आणि डावा हात काठीवर. उंची साडेपाच फूट, खाली दोन फुटांचा चौथरा, आणि दिसायला ब्राँझ. अट एवढीच की अंधार झाल्यावर दोन मुलांना तो उचलून जागेवर ठेवता आला पाहिजे. अशा कामाला कोणीही मूर्तिकाराकडे जात नाही. कापडदुकानात उभी असते तसली पुरुषाची फायबरची डमी घ्यायची, खांदे आणि कोपर ग्राइंडरने कापायचे, आत सळई घालून हात हव्या त्या कोनात बसवायचे, सांध्यावर काचतंतूंची मॅट आणि ती घट्ट धरणारे रेझिन यांचे दोन-तीन थर द्यायचे, पुट्टी भरून घासायचे, धोतराचे खरे कापड रेझिनमध्ये भिजवून चुण्यांसकट वाळू द्यायचे आणि शेवटी काळा हात मारून त्यावर तांबूस रंग कोरड्या ब्रशने उचलायचा. खाचांमध्ये थोडी मोरचुदी, निळसर-हिरवी छटा सोडली की तिसऱ्या रांगेतल्या माणसाला तो पुतळा धातूचाच वाटतो.

मग घरी का केला नाही, असे मला आजवर निदान दहा जणांनी विचारले आहे. जुलैमध्ये माझे उजवे मनगट मोडले होते आणि सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये होता. शिवाय रेझिनचा वास एकदा जिन्यात पसरला की आमच्या सोसायटीतले लोक काय करतात, हे मी २०११ साली अनुभवले आहे. म्हणून मी काम बाहेर दिले. यात माझे काय चुकले ते अजूनही कोणी मला सांगितलेले नाही.

हा कारागीर एका डेकोरेटरच्या ओळखीतून मिळाला. गावाबाहेर पत्र्याची शेड, दारात दोन अर्धवट हत्ती, आत मंडपाचे खांब. माणूस गोड बोलणारा होता, पण नुसता गोड नव्हता, आणि हे मी मुद्दाम सांगते. त्याच्या तोंडी सगळे शब्द बरोबर होते. रेझिन घट्ट व्हायला कोबाल्ट किती टाकायचे, थंडीत कॅटॅलिस्ट का वाढवावा लागतो, थर्माकोलवर थेट रेझिन ओतले तर थर्माकोल कसा विरघळतो, हे त्याने मी न विचारता सांगितले. खोटा माणूस अडाणी असतो ही आपली समजूत कृपा करून सोडून द्या. त्याला काम येत होते. आमच्यासाठी ते करायचे नव्हते, इतकेच.

ठरलेली रक्कम ३४,०००. १२ सप्टेंबरला १२,००० आगाऊ दिले, ३ ऑक्टोबरला ‘माल उचलायचा आहे’ म्हणून ८,००० दिले. पावती म्हणून मिळाली ती वहीतून फाडलेली चिठ्ठी, तीवर नुसते ‘पुतळा १ नग’. फायबरचा की कशाचा, किती वजनाचा, कोणत्या रंगाचा, यातले एक अक्षर नाही. पुढे ग्राहक आयोगासाठी कागद जमवताना हीच चिठ्ठी माझ्या गळ्याशी आली. कोणतेही काम देताना मालाचे नाव, थरांची संख्या आणि वजन कागदावर लिहून घ्या, आणि समोरचा ‘ताई, विश्वास नाही का?’ म्हणाला तर ‘नाही’ म्हणा.

पहिल्याच भेटीत त्याने कोपऱ्यातली एक पुरुषाची डमी दाखवून ‘हीच वापरणार’ असे सांगितले होते. मी सवयीने तिच्या मांडीवर अंगठा दाबला, तर मांडी आत गेली आणि टक् आवाज करून पुन्हा वर आली. फायबरची मांडी अशी आत जात नाही. ती प्लास्टिकची होती. मी तसे बोलून दाखवले, त्यावर तो म्हणाला, ‘नवीन माल थोडा लवचिक येतो, वर दोन थर बसले की दगड होईल.’ त्या प्लास्टिकवर रेझिन धरतच नाही, उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखे सुटून येते, हे मला ठाऊक होते. तरी मी मान डोलावली, कारण तासाभराने मला तालमीला पोहोचायचे होते. शंका असेल तर तळपायाखाली दिसणार नाही अशा जागी बारीक भोक पाडून पाहावे: फायबरचा पांढरा, खाजरा भुगा निघतो आणि प्लास्टिकचा वळलेला तार निघतो. जो हे करू देत नाही त्याच्याकडून उठावे.

आता त्या फोटोविषयी, ज्यामुळे मला अजून रात्री जाग येते.

१६ नोव्हेंबरला, प्रयोगाला पाच दिवस उरले असताना, त्याने पूर्ण पुतळ्याचे तीन फोटो पाठवले आणि उरलेले १४,००० शिवाय टेम्पोचे २,५०० मागितले. पैसे आल्याशिवाय टेम्पो हलणार नाही, असेही कळवले. पहिल्या दोन फोटोंत पगडी, मिशी, पुस्तक सगळे ठीक होते. तिसरा फोटो खालून काढलेला होता. धोतराच्या काठाखाली गुरुजींची पावले दिसत होती, आणि दोन्ही टाचा जमिनीपासून तीन बोटे वर होत्या. टाचांखाली प्लास्टरच्या पाचरी ठोकून वरून रंग दिला होता.

कॉलेजच्या सुट्ट्यांमध्ये मी मामांच्या साडीच्या दुकानात काम केलेले आहे. बायकांच्या डमीची पावले उंच टाचेच्या चपलेसाठी वाकवलेली असतात, पुरुषांच्या डमीची सपाट असतात, हे ओळखायला मला शिकण्याची गरज नव्हती. साडी नेसवताना त्या टाचांखाली लाकडाचे ठोकळे सरकवण्याचे काम माझ्याकडेच असे. म्हणजे ज्या एका गोष्टीतले मला इतरांपेक्षा जास्त कळते, नेमकी तीच गोष्ट माझ्या हातातल्या पडद्यावर उघडी पडलेली होती. मी फोटो मोठा करून पाहिला. ‘टाचा वर का आहेत?’ असे विचारलेसुद्धा. त्याचे उत्तर आले, ‘गुरुजी पुढे पाऊल टाकत आहेत असे दाखवले आहे, ताई. नुसता उभा पुतळा निर्जीव वाटतो.’ आणि मी, ज्या बाईने डझनावारी डमींच्या टाचांखाली ठोकळे सरकवले, तिने त्याला लिहिले, ‘वा, छान कल्पना.’ तो संदेश अजून माझ्या फोनमध्ये आहे. दोन्ही टाचा एकदम उचलून कोणीही पुढे चालत नाही, हे लहान मूलही सांगेल. दुपारी ३ वाजून ४० मिनिटांनी मी १६,५०० रुपये पाठवले.

स्वतःची बाजू म्हणून इतकेच सांगते की त्या दिवशी प्रकाशयोजना करणाऱ्या मुलाने ऐन वेळी अंग काढून घेतले होते, सभासदांचे फोनवर फोन येत होते आणि पुतळ्याशिवाय दुसरा अंक उभाच राहत नव्हता. अशा कारागिरांना हे पक्के माहीत असते. गणपतीआधीचा आठवडा आणि प्रयोगाआधीचे पाच दिवस हाच त्यांचा सुगीचा काळ. तारीख कोणालाही खरी सांगू नका. प्रयोग एकवीसला असेल तर दहाला आहे म्हणून सांगा.

पुतळा १८ तारखेच्या संध्याकाळी आला. उतरवायला चार मुले लागली. किराणा दुकानाच्या काट्यावर तो ४१ किलो भरला. नुसती फायबरची डमी दहा किलोंच्या आसपास असते. मॅट नाही, रेझिन नाही. प्लास्टिकवर वर्तमानपत्राचे कागद, त्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये बुडवलेले गोणपाट, आणि वर लग्नमंडपाच्या खांबाला देतात तसला चकचकीत सोनेरी रंग. फोन लावला तर बंद. पुढचे तुम्हाला सांगायला नको.

रंगीत तालमीत सरपंचाच्या पात्राने पुतळ्याला हार घातला आणि गुरुजींची मान कट् असा आवाज करून सावकाश विंगेकडे वळली. डमीचे डोके फिरवून खाचेत बसवायचे असते. ती खाच त्याने पक्कीसुद्धा केलेली नव्हती. सगळे हसले, मीही हसले. मग मान सरळ करताना वरच्या ओठावरचा प्लास्टरचा पापुद्रा मिशीसकट माझ्या हातात आला, आणि त्याखाली गुलाबी कातडी आणि लाल लिपस्टिक लावलेला ओठ दिसला. त्यानंतर कोणी हसले नाही. ज्या मुलाने पहिल्या पगारातून हजार रुपये दिले होते, तो माझ्याकडे न पाहता खाली बसून प्लास्टरचे तुकडे गोळा करत राहिला.

दुरुस्तीला आणखी ५,८४० रुपये लागले: एम-सील, स्क्रू, काळा रंग, तांब्याची पावडर आणि टाचा झाकायला चौथऱ्याभोवती झेंडूच्या माळा. प्रयोग पार पडला. त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

आता पोलीस. पहिल्या दिवशी मला दीड तास बाकावर बसवले आणि मग विचारले, ‘पुतळा मिळाला ना? मग फसवणूक कसली?’ मी फोटो, वजनाची चिठ्ठी, पैसे पाठवल्याच्या नोंदी समोर ठेवल्या. त्यांनी पुतळ्याचा फोटो शेजारच्या हवालदाराला दाखवला आणि दोघे मिशीवर काहीतरी बोलले. दुसऱ्या दिवशी अर्ज लिहून आणायला सांगितले. आणला, तर शेड दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत असल्याचे समजले, जे पहिल्या दिवशीही खरे होते. दुसऱ्या ठाण्यात साहेब बंदोबस्तावर. पुन्हा गेले, तर साहेब जेवायला गेलेले. तिसऱ्या खेपेला भेटले आणि ‘ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा’ असे सांगून त्यांनी अर्ज घडी करून मला परत दिला. ज्याला आपण चारसोबीस म्हणत आलो ते कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३१८ झाले आहे आणि तो गुन्हा दखलपात्र आहे, असे मी म्हणाले, तेव्हा ‘मॅडम, तुम्ही वकील आहात का?’ असा प्रश्न आला. नाही, मी वकील नाही. कायदा कळायला वकील व्हावे लागत असेल, तर तो ठाण्याच्या भिंतीवर कोणासाठी लावलेला असतो? ठाण्याने तक्रार नोंदवली नाही तर ती लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते. मी ती पाठवली. पोहोच आली, त्यापुढे काही आले नाही. बँकेच्या शाखेत ‘पिन तुम्हीच टाकला आहे’ एवढे एकच वाक्य मला तीन वेगवेगळ्या टेबलांवर ऐकायला मिळाले.

हवालदाराने एक उपकार मात्र केला, म्हणजे त्याला तो उपकार वाटला. त्याने कारागिराला फोन केला, त्याच्यासाठी फोन लगेच लागला, आणि त्याच रात्री माझ्या खात्यात २,००० रुपये जमा झाले. दुसऱ्या दिवशी ठाण्यात त्याच दोन हजारांच्या स्क्रीनशॉटवर बोट ठेवून ‘व्यवहार मिटला आहे’ असे मला सांगण्यात आले. अर्धवट परतावा आला तर त्याच मिनिटाला लेखी कळवा की ही रक्कम पूर्ण समझोता म्हणून स्वीकारलेली नाही. मी दोन दिवस उशीर केला.

ग्राहक आयोगाकडे तक्रार केली आहे. दोन वर्षांच्या आत जावे लागते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, हे वकिलाने नव्हे तर माझ्या भाचीने शोधून सांगितले. वकिलाने स्वतःचे ८,००० सांगितले होते. तेथे पहिला प्रश्न बिलाचा आला आणि मला ती वहीची चिठ्ठी पुढे करावी लागली.

गेल्या महिन्यात एका मंडळाच्या कार्यकर्त्याने मला फोन केला. त्यांना देखाव्यासाठी माणसाच्या उंचीचा पुतळा हवा होता, एका कारागिराने नमुना म्हणून फोटो पाठवला होता, आणि पुतळ्यामागच्या पडद्यावर आमच्या संस्थेचे नाव दिसल्यामुळे या कार्यकर्त्याने चौकशी केली. फोटो आमच्या प्रयोगाचा होता. मी रंगवलेले ब्राँझ, मी चिकटवलेली मिशी, आमचा प्रकाश. त्यांनी १०,००० आगाऊ देऊन झाले होते. असा फोटो तुमच्याकडे आला, उजव्या हातात पुस्तक आणि डावा हात काठीवर असलेले गुरुजी दिसले, तर पायाशी झेंडूच्या माळा आहेत तिथे फोटो मोठा करा. डाव्या बाजूला एक माळ सरकलेली आहे आणि तिच्यातून टाच दिसते.