८६० पानांची रात्र : एरंडवण्यातील निद्रातपासणीचा अनुभव

यंदाच्या जानेवारीत माझ्या वडिलांनी एरंडवण्यातील एका निद्रातपासणी केंद्रात एक रात्र काढली आणि फेब्रुवारीत दुसरी. त्या केंद्राच्या सेवेविषयी हा अभिप्राय आहे. त्याआधी डिसेंबरात आम्ही दुसऱ्या एका ठिकाणाहून घरच्या घरी होणारी तपासणी करून घेतली होती आणि ती पुरती फसली होती. दोन्ही ठिकाणांची नावे मी देत नाही, कारण एकाविषयी माझी तक्रार आहे आणि दुसऱ्याचे नाव घेतले तर हे लेखन जाहिरातीसारखे वाटेल. मात्र झोपेची तपासणी चांगली झाली की वाईट, हे कशावरून ओळखायचे ते मला या दोन महिन्यांत नीट कळले आणि ते सांगावेसे वाटते.

बाबा पिंपरीच्या एका कारखान्यात ३१ वर्षे तिन्ही पाळ्यांत काम करून निवृत्त झाले. घरी आले की पडल्या पडल्या झोप आणि लगेच घोरणे. ‘दमून आलेला माणूस आहे, गाढ झोपलाय’ असे आजी म्हणायची आणि आम्हीही तेच मानत आलो. आई मात्र गेली दोन वर्षे सांगत होती की घोरता घोरता त्यांचा श्वास मध्येच थांबतो आणि तो पुन्हा सुरू होईपर्यंत ती अंधारात मनातल्या मनात आकडे मोजत राहते. बाबा अंगाने सडपातळ असल्यामुळे आम्ही ते मनावर घेतले नाही. डिसेंबरात सवाईला, मुकुंदनगरच्या मंडपात, विलंबित ख्याल रंगात आलेला असताना, एरवी मांडीवर बोटांनी मात्रा मोजत समेची वाट पाहणारे बाबा मान टाकून झोपलेले मी पाहिले. त्याच आठवड्यात नळस्टॉपच्या सिग्नलला स्कूटरवर बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला आणि मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला म्हणून ते सावरले. त्यानंतर आम्ही वेळ घालवला नाही.

पहिल्या तपासणीसाठी एक मुलगा संध्याकाळी घरी आला, नाकापाशी एक नळी आणि बोटाला एक चिमटा लावून, छोटी पेटी उशाशी ठेवून पाच मिनिटांत निघून गेला. दुसऱ्या दिवशी मोबाइलवर दोन पानांचा अहवाल आला: ‘दोष सौम्य, तासाला ९ वेळा’, म्हणजे झोपेत श्वास तासाला इतक्या वेळा अडतो. फोनवर एक विशिष्ट उशी घेण्याचा सल्ला मिळाला आणि तिची किंमतही लगेच कळवली गेली. अहवालातला आलेख मी निरखून पाहिला तेव्हा लक्षात आले की बोटाचा चिमटा रात्री दोनच्या सुमारास निघालेला होता आणि तिथून पुढे पहाटेपर्यंत नुसती कोरी रेघ होती. याविषयी विचारले असता ‘तेवढा डेटा पुरेसा असतो’ असे उत्तर आले. घरी केली जाणारी तपासणी मुळातच वाईट असते असे माझे म्हणणे नाही. योग्य रुग्ण निवडून, योग्य उपकरणांनिशी डॉक्टर ती करून घेतात आणि तिचा उपयोग होतो. आमच्या बाबतीत त्या नोंदीकडे कुणी डोळे उघडून पाहिलेच नव्हते, ही माझी तक्रार आहे.

अर्धी रात्र का पुरत नाही, हे शोधताना मी अमेरिकन निद्रासंशोधक विल्यम डिमेंट यांच्या कामापर्यंत पोहोचले. डिमेंट यांचा जन्म १९२८ मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील वेनाची येथे झाला. शिकागो विद्यापीठात वैद्यकीय शिक्षण घेत असतानाच ते नाथानियल क्लाइटमन यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. झोप म्हणजे मेंदूचा दिवा मालवणे, अशीच तोवरची समजूत होती. क्लाइटमन यांचे विद्यार्थी युजीन असेरिन्स्की यांना झोपलेल्या माणसाचे डोळे पापण्यांआड ठरावीक काळाने भराभर हलताना आढळले आणि १९५३ मध्ये या दोघांनी ते प्रसिद्ध केले. डिमेंट यांनी या कामाला जी जोड दिली ती वरवर पाहता फार साधी आहे: त्यांनी माणूस झोपल्यापासून उठेपर्यंत मेंदूच्या लहरींची व डोळ्यांच्या हालचालींची कागदावरची नोंद बंदच केली नाही. झोप सगळी एकसारखीच असते असे मानले की मधूनमधून काही मिनिटांचा नमुना घेणे पुरेसे वाटते आणि कागदही वाचतो. डिमेंट यांनी कागद वाचवला नाही, रात्रीमागून रात्री ते स्वतः यंत्रापाशी जागत बसले आणि १९५७ मध्ये त्यांनी व क्लाइटमन यांनी दाखवून दिले की झोप सुमारे ९० मिनिटांच्या आवर्तनांनी पुढे सरकते. आवर्तनाच्या शेवटी डोळ्यांच्या जलद हालचालींची, म्हणजे रेम झोप येते. ती पहिल्या खेपेला थोडा वेळ टिकते आणि पहाटेकडे लांबत जाते.

आमच्या कोऱ्या रेघेचा अर्थ मला इथे लागला. रेम झोपेत शरीराचे बहुतेक स्नायू सैल पडतात. फ्रान्समधील ल्याँ येथील संशोधक मिशेल झुव्हे यांनी १९५९ मध्ये मांजरांवरील प्रयोगांत हे स्पष्ट केले. घशाचा मार्ग उघडा ठेवणारे स्नायूही तेव्हा ढिले होतात, त्यामुळे ज्याचा श्वास झोपेत अडतो त्याचा तो रेम झोपेत बहुधा अधिक वेळ अडतो. रात्री दोनला थांबलेल्या नोंदीत नेमकी हीच पहाट नव्हती.

एरंडवण्यातील केंद्राने वेळ घेताना फोनवरच सूचना दिल्या: केसांना तेल लावू नये, दुपारनंतर चहा-कॉफी घेऊ नये, नेहमीची औषधे बंद करू नयेत आणि घरची उशी सोबत आणावी. आम्ही रात्री नऊला पोहोचलो. तंत्रज्ञ तरुण होता आणि बाबांशी ‘काका, काका’ करत अतिशय शांतपणे वागला. त्याने टेपने डोके मोजले, नाकाच्या बुंध्यापासून मागच्या उंचवट्यापर्यंत आणि एका कानापासून दुसऱ्यापर्यंत पेन्सिलने खुणा केल्या, प्रत्येक खुणेवरची त्वचा कापसाने घासून लेप लावला आणि मग तारा चिकटवल्या. डोळ्यांच्या कडांना, हनुवटीला, छातीला आणि दोन्ही पोटऱ्यांना तारा, नाकापाशी नळी, छाती व पोट यांच्याभोवती एकेक पट्टा आणि बोटाला चिमटा, एवढे होईपर्यंत पाऊण तास गेला. सगळ्या तारा एकाच पेटीत जात होत्या, त्यामुळे रात्री बाथरूमला जाताना ती पेटी तेवढी सोडवून गळ्यात अडकवली की झाले. दिवा मालवल्यावर शेजारच्या खोलीतून आवाज आला, ‘काका, मान न हलवता वर बघा. खाली. आता डावीकडे. आता थोडं घोरून दाखवा.’ बाबा आधी संकोचले, मग घोरले आणि पडद्यावर त्या घोरण्याची दाट उभी रेघोटी उमटली.

नातेवाइकाला तंत्रज्ञाच्या खोलीत बसण्याची परवानगी सहसा नसते, पण पहाटे मला जाग आली तेव्हा त्याने मला काही मिनिटे पडदा पाहू दिला. चार वाजायला दहा मिनिटे होती. नाकाच्या हवेची रेघ सपाट झाली होती, पण छातीचा आणि पोटाचा पट्टा हलत होता आणि तोही परस्परविरुद्ध: छाती आत तर पोट बाहेर. श्वास घेण्याची धडपड चालू होती आणि हवा जात नव्हती. ‘धडपडच थांबली असती तर दुखणं वेगळं आणि उपचारही वेगळे,’ तो हलक्या आवाजात म्हणाला. ३८ सेकंदांनी सगळ्या रेघा एकदम उसळल्या, बाबांनी मोठा श्वास ओढला आणि त्यानंतर काही क्षणांनी रक्तातील ऑक्सिजनचा आकडा ८१ टक्क्यांपर्यंत खाली आला. आई गेली दोन वर्षे अंधारात जे मोजत होती ते माझ्यासमोर रेघांत उमटलेले होते. पडद्यावरचे पान सरकले आणि पुढचे तीस सेकंद सुरू झाले.

तीस सेकंदांचे एक पान हा जुन्या कागदाचा वारसा आहे. कागद सेकंदाला १० मिलिमीटर या वेगाने सरकत असे आणि पानाची लांबी ३० सेंटिमीटर असे, म्हणून एका पानात ३० सेकंद मावत. आता कागद गेला, तरी झोपेची प्रतवारी जगभर याच मापाने होते. बाबांची नोंद ७ तास १० मिनिटांची होती, म्हणजे ८६० पाने. डॉक्टरांना भेटल्यावर मी आधी हेच विचारले की ही पाने कुणी पाहिली. त्यांना प्रश्नाचा राग आला नाही. संगणक पहिली खूण करतो, मग तंत्रज्ञ प्रत्येक पान तपासून दुरुस्ती करतो आणि शंकेची पाने ते स्वतः पाहतात, असे सांगून त्यांनी पडदा आमच्याकडे वळवला व संगणकाने चुकवलेली आणि हाताने सुधारलेली दोन पाने दाखवली. निकाल तासाला ३४ वेळा असा होता. प्रौढांत ५ पर्यंतचा आकडा सर्वसाधारण, १५ पर्यंत सौम्य, ३० पर्यंत मध्यम आणि त्यापुढचा तीव्र मानतात. आमच्याकडे ‘सौम्य’ म्हणून आलेला दोष तीव्र निघाला. सडपातळ माणसाला हे कसे, या बाबांच्या प्रश्नालाही त्यांनी सविस्तर उत्तर दिले: डिमेंट यांनी १९७० मध्ये स्टॅनफर्डला निद्राविकारांचे जगातील पहिले चिकित्सालय उघडले, १९७२ मध्ये तेथे आलेल्या क्रिस्टियान गिलमिनो यांनी झोपेच्या नोंदीत श्वास व हृदय यांचीही नोंद आग्रहाने घ्यायला लावली आणि हा विकार केवळ स्थूल माणसांचा नाही हे त्याच गटाने सत्तरच्या दशकात पुढे आणले. आम्हाला त्यांनी चाळीस मिनिटांचा वेळ दिला. केंद्राच्या शुल्कातील सर्वांत मोलाचा भाग माझ्या मते हाच होता.

दुसरी रात्र सीपॅप यंत्राचा, म्हणजे मास्कमधून सतत दाबाने हवा देऊन घशाचा मार्ग उघडा ठेवणाऱ्या यंत्राचा, दाब ठरवण्यासाठी होती. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली. तोवर तीव्र विकारावर गळ्याला छिद्र पाडण्याची शस्त्रक्रिया हाच खात्रीचा इलाज होता. बाबांच्या मिशीमुळे पहिल्या मास्कमधून हवा गळत राहिली. तंत्रज्ञाने रात्रीतून तीन मास्क बदलले, दाब ४ पासून हळूहळू वाढवत ९ वर स्थिर केला आणि पहाटेची रेम झोप त्या दाबावर नीट पार पडेपर्यंत तो खुर्चीतून हलला नाही. घरी आणलेल्या यंत्राच्या कार्डावर मार्चमध्ये तासाला ३ असा आकडा आला.

उणिवाही लिहिल्या पाहिजेत. खोली रस्त्याच्या बाजूला आहे आणि पहाटे साडेपाचपासून बसचे आवाज थेट आत येतात. ज्या जागेत झोप मोजायची तिथे खिडकी तरी दुहेरी काचेची हवी. पलंग अरुंद आहे. अहवाल तीन दिवसांत देण्याचे सांगून सहा दिवस लावले. पहिल्या रात्रीचे १४,००० आणि दुसरीचे १२,००० रुपये झाले, पण दुसऱ्या रात्रीचा खर्च वेगळा असतो हे आधी लेखी कळवले नव्हते. आमच्या विमा कंपनीने रात्रभराच्या मुक्कामाला रुग्णालयात दाखल होणे मानले नाही, तेव्हा आपल्या पॉलिसीतील अट आधी वाचून घ्यावी.

उपचार बसेपर्यंत स्कूटर चालवायची नाही, असे डॉक्टरांनी बाबांना बजावले तेव्हा ते नाराज झाले होते. डिमेंट स्टॅनफर्डच्या आपल्या वर्गात कुणी पेंगले की पाण्याच्या पिचकारीने त्याला उठवत आणि पेंग हाच धोक्याचा लाल इशारा आहे, असे उभे राहून मोठ्याने म्हणायला लावत. १९७१ पासून त्यांनी हा विषय शिकवला आणि २०२० मध्ये ९१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. मी ही गोष्ट सांगितली तेव्हा बाबांनी स्कूटरची किल्ली आईकडे दिली. एप्रिलमध्ये डॉक्टरांनी पुन्हा तपासून परवानगी दिली, तेव्हाच परत घेतली. मास्कची नाकाशी येणारी मऊ गादी सहा महिन्यांनी बदलावी लागेल आणि ती केंद्रात मिळत नाही; ती कुठे मिळेल, एवढी एक विचारणा अजून केंद्राकडे प्रलंबित आहे.