मांडव की ताटी? परसातल्या वेलींना आधार देण्याआधी

मृगाला टोकलेली काकडी, दोडकी, कारली श्रावणात एकदम अंगावर येतात. तेव्हा आधार बदलता येत नाही, म्हणून डोक्यावर आडवा मांडव घालायचा की कुंपणासारखी उभी ताटी करायची हे बी टोकायच्या आधी ठरवावं लागतं. एकरभर दोडक्याचा हिशोब वेगळा. इथे बोलतोय ते घरामागच्या एक-दोन गुंठ्यांबद्दल, जिथे रोजच्या कालवणापुरती भाजी श्रावणापासून दिवाळीपर्यंत खंड न पडता निघायला हवी आणि गाठीचा पैसा कमीत कमी जायला हवा.

साहित्यात फरक बराच पडतो. १५ बाय १५ फुटांच्या मांडवाला आठ फुटी नऊ खांब लागतात, त्यातले दोन फूट जमिनीत जातात. कडेची आणि मधली तार १० गेजची. कोपऱ्यांना बाहेरून द्यायचे तारेचे ताण धरून ती साडेतीन किलोपर्यंत जाते. वर दीड-दीड फुटावर उभी-आडवी जाळी विणायला १६ गेजची आणखी दोन किलो. त्याउलट ३० फूट लांब ताटीला साडेसात फुटी सहा बांबू, दर सहा फुटांवर एक, आणि १४ गेजची किलोभर तार पुरते. तारेच्या तीनच ओळी: जमिनीपासून एक फुटावर, तीन फुटांवर आणि साडेपाच फुटांवर. त्यांच्यामध्ये काथ्याची नागमोडी वीण घालायची. नायलॉन सुतळी टिकते, पण हंगाम संपल्यावर काथ्या वेलीसकट खतखड्ड्यात टाकता येतो आणि नायलॉन एकेक करून निवडत बसावं लागतं. जागेचं म्हणाल तर मांडव २२५ चौरस फूट अडवतो. ताटीला चालायच्या वाटेसकट तीन फुटी पट्टा धरला तरी ९० चौरस फुटांत काम भागतं.

तासगाव, मिरज भागात असाल तर बांबू घेण्याआधी मोडलेल्या द्राक्षबागेचे जुने अँगल आणि तार कुणाकडे आहे का, हे विचारून पाहावं. गंजलेली तार मांडवाला नको, कारण भिजलेल्या पाल्याचं ओझं तिला पेलत नाही. ताटीला ती दोन-तीन वर्षं सहज चालते.

बांबूच वापरणार असाल तर जमिनीत जाणाऱ्या भागाला वाळवीसाठी डांबर किंवा जळकं ऑईल लावून दोन दिवस वाळवावा. हा लेप जमिनीच्या वर चार बोटं यायला हवा, कारण बांबू कुजतो तो बरोबर जमिनीलगत. काळ्या रानात खड्डा त्याच मातीने बुजवला की श्रावणात ती लोण्यासारखी होते आणि खांब कलतो. मुरूम आणि हाताएवढे दगड थराथराने ठोकून भरले की खांब हलत नाही.

मांडव कोसळतो तो बहुधा कोपऱ्यातून. सगळ्या तारा कोपऱ्याच्या खांबाला आत ओढत असतात आणि भाद्रपदात ओल्या पाल्याचं वजन वाढलं की तो आत झुकतो, मग मधली जाळी पोट काढते. म्हणून प्रत्येक कोपऱ्याला बाहेरच्या बाजूने दोन तिरके ताण द्यायचे आणि दोन फूट खोल पुरलेल्या दगडाला ते बांधायचे. ताटीची दुखरी जागा वेगळी. दोन्ही बाजूंना ऊन मिळावं म्हणून ती दक्षिणोत्तर उभी करावी लागते, आणि पावसाळी वारा पश्चिमेकडून तिच्या छातीवरच येतो. एकाआड एक बांबूला पूर्वेच्या अंगाने तिरका टेकू दिला की ताटी उभी राहते. हा टेकू वेल चढण्याआधी द्यावा, नंतर देताना देठ चिरडतात.

मांडवाचं कौतुक करावं तितकं थोडं, हेही मान्य. पडवळ मांडवालाच शोभतो. कोवळ्या फळाच्या टोकाला सुतळीने बारका दगड बांधला की तो सरळ खाली उतरतो. दुधी दीड किलोचा झाला तरी देठाला ताण बसत नाही. दोडका मोकळा लोंबतो, म्हणून सरळ होतो आणि खालून बघितलं की लगेच दिसतो. मांडवाच्या सावलीत हळदीचे आठ-दहा गड्डे आणि मोरीच्या कडेला अळू लावलं की ती जागाही वाया जात नाही. आणि माण, खटाव, आटपाडी, जत या बाजूला, जिथे पाऊस दडी मारतो आणि भादव्याचं ऊन माती तडकवतं, तिथे पाल्याचं छप्पर ओल धरून ठेवतं. तिकडच्या माणसाला ताटी घाल म्हणायला माझी जीभ रेटणार नाही.

तरी माझं मत ताटीकडे झुकतं ते एका गोष्टीमुळे: गुंता.

परसात एकाच वेलीचा मांडव कुणी घालत नाही. एका कोपऱ्यात दोडका, दुसऱ्यात कारलं, तिसऱ्यात काकडी, चौथ्यात वाल अशीच मांडणी होते. दीड महिना सगळं सुरेख दिसतं. मृगातली काकडी गणपतीच्या आसपास दमते, पानं पिवळी पडतात, फळं बुटकी आणि कडू निघू लागतात. तिथेच ती काढून पुढचं काही लावायला हवं. पण तोवर तिचे तणावे दोडक्याच्या शेंड्याला विळखे घालून बसलेले असतात. बुडातून कापून वेल ओढली की दोडक्याचे दोन फुटवे मोडून हातात येतात, त्यांवर कळ्या असलेले. ओढली नाही तर मेलेला पाला वरच वाळतो, पावसात कुजतो आणि त्यातला रोग शेजारच्या वेलीवर उतरतो. कात्रीने वीत-वीत तुकडे करून काढायचं ठरवलं तर हात वर, मान मागे आणि पानांतलं पाणी डोळ्यांत, अशा अवस्थेत अख्खी सकाळ जाते. एवढं करूनही पुढच्या वेलीला वर ऊन नसतंच, दोडक्याने सगळी जाळी व्यापलेली असते.

गावठी वालाचा त्रास आणखी वेगळा. दिवस लहान व्हायला लागल्याशिवाय तो फुलावर येत नाही. आषाढात लावला तर तीन महिने नुसता पाला वाढवतो आणि कारल्याचं ऊन खातो. मांडवावर त्याला आवरता येत नाही. ताटीवर त्याला दोन बांबूंमधला शेवटचा सहा फुटी खण नेमून द्यायचा, शेंडा वरच्या तारेला पोचला की खुडायचा, झालं.

ताटीवर प्रत्येक वेलीची हद्द ठरते. दोडका, कारली तीन-तीन फुटांवर, काकडी दोन फुटांवर. काकडी संपली की तिच्या खणातला काथ्या वरून आणि खालून कापायचा आणि वेल चटईसारखी गुंडाळून उचलायची. खणाला दहा मिनिटं लागतात. त्याच आळ्यांत अर्धं-अर्धं घमेलं कुजलेलं शेणखत मिसळून नवा काथ्या बांधायचा, आणि नवरात्रानंतर हवा थंडावली की वाटाणा टोकायचा. दिवाळीपर्यंतचा खंड भरायला पायथ्याशी मेथी, कोथिंबीर फेकायची. एकाच आधारावर वर्षात दोन पिकं निघतात, आणि काटकसरीच्या घरात मला तरी हा हिशोब सर्वांत मोठा वाटतो.

दुसरा फायदा फुलांचा. दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं. झड लागली की माश्या फिरकत नाहीत आणि बोटाएवढी कोवळी फळं पिवळी पडून गळतात. अशा वेळी नर फूल तोडून, त्याच्या पाकळ्या मागे सारून, खाली बारीक दोडका असलेल्या मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवलं की फळ धरतं. ताटीवर हे फूल छातीच्या उंचीवर असतं. मांडवावर बहुतेक फुलं पाल्याच्या वर, आभाळाकडे तोंड करून असतात, तिथे हात पोचत नाही. फळमाशीने डंख मारलेलं कारलंही ताटीवर लवकर नजरेत येतं. ते तोडून बांधावर फेकू नये, दोन फूट खोल पुरावं, नाहीतर आतल्या अळ्या मातीत कोष करून पुन्हा माश्या होऊन येतात.

पाण्याचंही सोपं. मोरीपासून ताटीच्या बुडाशी एक सरी काढली की भांडी धुतलेलं पाणी शेवटच्या आळ्यापर्यंत जातं. कपड्यांच्या साबणाचं पाणी मात्र त्यात सोडू नये. सरीवर उसाचं पाचट चार बोटं जाड अंथरावं, पण वेलीच्या बुडाभोवती वीतभर जागा मोकळी ठेवावी, नाहीतर सततच्या ओलीने बूड सडतं.

ताटीत खोड नाही असं नाही. दोडका तारेत अडकला की कोयत्यासारखा वाकतो, म्हणून दिवसाआड फिरून कोवळी फळं बाहेर काढून मोकळी लोंबती करावी लागतात. पानाआड राहून गेलेला दोडका जून होतो आणि वेल सगळी ताकद त्याच्या बियांत घालते. खालच्या फुटातलं काहीही शेळी आणि कोंबड्या ठेवत नाहीत, तिथे बोरीच्या फांद्या लावाव्या लागतात.

शिराळा, पाटण, जावळी, वाई या पावसाच्या पट्ट्यात आणि कृष्णाकाठच्या काळ्या रानात मी ताटीच सुचवीन. दुधी आणि पडवळ सोडवत नसतील तर ताटीच्या उत्तर टोकाला सहा बाय सहा फुटांचा छोटा मांडव जोडावा. ताटीचा शेवटचा बांबू आठ फुटी घेतला की तोच मांडवाचा एक कोपरा होतो आणि नवे तीनच खांब लागतात. श्रावणानंतर दुपारची सावली उत्तरेला पडते, म्हणून ताटीचं ऊन अडत नाही. त्यावर दुधीची एक आणि पडवळाची एक अशा दोनच वेली चढवाव्यात, तिसरी नको.