ऑफिसातल्या निरोपांसाठी मॅस्टोडॉन: चालतं, पण भिंत आधी घाला

२०१६ पासून उपलब्ध असलेलं मॅस्टोडॉन हे ट्विटरसारखं, पण मुक्त स्रोत (ओपन सोर्स) सॉफ्टवेअर आहे. स्वतःच्या सर्व्हरवर बसवलं की कंपनीपुरता छोट्या नोंदींचा फलक तयार होतो. एका नोंदीला ५०० अक्षरं, त्यामुळे लोक मुद्द्यावर येतात.

बसवताना सगळ्यात आधी 'लिमिटेड फेडरेशन मोड' (बाहेरच्या सर्व्हरांशी देवाणघेवाण मर्यादित ठेवणारी सेटिंग) चालू करा. तो नसेल तर सार्वजनिक नोंदी बाहेरचं कुणीही वाचू शकतं. चालू केला की लॉगिनशिवाय काही दिसत नाही. डोमेनचं नावही विचार करूनच ठरवा, नंतर ते बदलता येत नाही. कर्मचाऱ्यांची खाती एलडॅप किंवा सॅमलला (कंपनीच्या एकाच लॉगिनने सगळीकडे जाऊ देणाऱ्या व्यवस्थांना) जोडली, तर वेगळे पासवर्ड लागत नाहीत.

खरी गंमत हॅशटॅगमध्ये आहे. #रजा, #सर्व्हरबंद असे मोजके टॅग ठरवून द्या. आवृत्ती ४ पासून टॅग फॉलो करता येतो, म्हणजे माणसांची यादी सांभाळावी लागत नाही. मात्र जुन्या नोंदींच्या मजकुरात शोधायचं असेल तर इलास्टिकसर्च हे शोधाचं सॉफ्टवेअर वेगळं चालवावं लागतं आणि ते मेमरी भरपूर खातं.

खाजगी उल्लेखाला, म्हणजे फक्त @ लावलेल्यांनाच दिसणाऱ्या नोंदीला, चॅट समजू नका. त्यात साहेबांचं नाव @ लावून लिहिलंत की तो निरोप साहेबांनाही पोचतो! शिवाय एंड-टू-एंड एन्क्रिप्शन नाही, म्हणजे सर्व्हर सांभाळणाऱ्याच्या हाती सगळं असतं. पगाराच्या गोष्टी इथे नकोतच.

विभागवार बंद गट मात्र नाहीत. तीच मुख्य गरज असेल, तर मॅटरमोस्ट हे ऑफिससाठीचं चॅट सॉफ्टवेअर बरं.