जुनी गाडी, एकटा चालक आणि हायवेवरचे ‘मदतनीस’

पुणे ते बेंगळुरू, राष्ट्रीय महामार्ग 48 ने, सव्वाआठशे-साडेआठशे किलोमीटर. गाडी पंधरा वर्षांची आणि चालक एकटा असला की भामट्याचं निम्मं काम आधीच झालेलं असतं. मालकाला तसाही प्रत्येक आवाजात बिघाड ऐकू येतो.

सर्वांत जास्त लूट पंक्चरमध्ये. ट्यूबलेस टायरमधून खिळा एकच निघतो, पण पंक्चरवाला साबणाचं पाणी लावून चार-पाच जागी बुडबुडे दाखवतो. ओल्या फडक्याखाली टोकदार सळई असते. टायर फिरवता फिरवता भोकं पडतात आणि पैसे लागतात भोकात भरायच्या प्रत्येक रबरी पट्टीचे. रात्रभरात हवा 32 वरून 24 पीएसआयवर आली असेल, तर अशा टायरला पाच भोकं असण्याची शक्यता फार कमी. आधी व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी टाका. पुष्कळदा तिथलीच पिन सैल असते. मग चाक स्वतः फिरवा, प्रत्येक भोकाला खडूने खूण करा, ‘एवढीच’ म्हणून त्याला सांगा आणि मगच सळई हातात घेऊ द्या. गाडीत एसी लावून बसू नका. भोक टायरच्या बाजूच्या भिंतीला असेल तर पट्टी चालत नाही, एवढं मात्र तो खरं बोलतो. म्हणूनच मुद्दाम तिथे टोचून नवा टायर गळ्यात मारतात.

दुसरा प्रकार: बाइकवाला शेजारी येऊन चाकाकडे बोट दाखवतो, ‘ऑइल गळतंय!’ थांबलात की मेकॅनिक हजर. वाकून बघताना तो शॉकअब्जॉर्बरवर फडकं पिळतो. खरी गळती जुनी असते, तेलावर धूळ बसून काळा चिकट थर झालेला असतो. धुळीवरून ओघळलेलं चकचकीत तेल आत्ताच टाकलेलं आहे. बॉनेटचा कोपरा दाबून सोडा. गाडी एकदा वर येऊन थांबली तर शॉकअब्जॉर्बर ठीक. झुलत राहिली तर तो गेलाय, तरीही सावकाश पुढच्या गावापर्यंत जाता येतं.

एसी चालू असताना गाडीखाली पडणारं स्वच्छ, बिनवासाचं पाणी हा बिघाड नव्हे. हिरवं किंवा गुलाबी, बुळबुळीत असेल तर ते कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण कुणालाही उघडू देऊ नका, वाफेने भाजतं.

एकट्याची खरी अडचण वेगळीच. एक जण मागे बोलावतो, ‘साहेब, हे बघा’, तेवढ्यात दुसऱ्याचा हात पुढे बॉनेटमध्ये. बॉनेट आतून लॉक, दारं बंद, किल्ली खिशात आणि एका वेळी एकच माणूस गाडीजवळ. काही कळेनासं झालं तर लोकवस्ती किंवा टोलनाका गाठा आणि 1033 लावा, ती महामार्गाची चोवीस तासांची हेल्पलाइन आहे.

प्रवासाला निघण्याआधीच स्टेपनीची हवा बघा. जुन्या गाडीत हमखास तीच बसलेली असते.