आगरवाड्याचं जाडं मीठ: आगळ करणाऱ्यांनी जरूर घ्यावं

रातांब्यांचं (कोकमाच्या फळांचं) आगळ, म्हणजे मिठात मुरवून काढलेला दाट रस, आणि खारातल्या कैऱ्या यांसाठी मी आगरवाड्याचंच मीठ वापरते. गोव्यात पेडणे तालुक्यात, शापोरा नदीच्या काठाला ही मिठागरं आहेत. उन्हाळ्यात आगरात राबणारी माणसंच रस्त्याकडेला ढीग घालून विकायला बसतात.

खडा टपोरा. बारीक मीठ रातांब्यांवर घातलं की लगेच विरघळून बरणीच्या तळाशी जातं. हे मीठ सालींमधून सावकाश झिरपतं. माझं आगळ वर्षभर टिकतं ते यामुळेच.

घेताना ढिगात हात घालून बघा. वाफ्यातला वरचा थर अलगद ओढला तर मीठ पांढरं येतं, फावडं तळाला लागलं की चिखल मिसळून करडं होतं. विकायला बसलेल्या मावशींनी मला दोन ढीग स्वतःहून वेगळे दाखवले: "हें लोणच्याक, तें माडांक." परगावचं गिऱ्हाईक बघून माडांना घालायचं करडं मीठ गळ्यात मारलं नाही, याचं मला फार मोल वाटतं.

एकच तक्रार, मीठ ओलं असतं. पिशवीतून पाणी गळतं, गाडीत खाली काहीतरी जाड अंथरा. घरी कापडावर पसरून चांगलं ऊन द्या आणि चिनी मातीच्या बरणीतच भरा. शिवाय यात आयोडीन घातलेलं नसतं. थेट खाण्यासाठी असं मीठ विकायला 2006 पासून केंद्राची बंदी आहे, तेव्हा रोजच्या आमटीभाजीला आयोडीनचंच वापरा. हे खारवण्यासाठी.

भावात घासाघीस मात्र कृपा करून करू नका. पाऊस सरला की बांध दुरुस्त करायचे, चिखल तुडवून, चोपून वाफ्याचा तळ घट्ट करायचा, भरतीचं पाणी मानशीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, आत घ्यायचं, वाफ्या-वाफ्यांतून फिरवत आटवायचं आणि उन्हात उभं राहून मीठ ओढायचं. एक अवकाळी सर आली की तयार मीठ पुन्हा पाणी! गोव्यात मीठगावड्यांनी, म्हणजे मीठ पिकवणाऱ्या समाजानं, पिढ्यान्‌पिढ्या हे केलं. लमाणांच्या बैलांवरून हेच मीठ घाटावर जायचं. 1878 च्या करारानं पोर्तुगिजांनी गोव्याचं मीठ इंग्रजांच्या ताब्यात दिलं, तेव्हा कितीतरी आगरं बसली. आता पिशवीबंद मीठ स्वस्त, आणि आगरात उतरायला तरुण हात मिळत नाहीत.

एप्रिल-मे मध्ये सकाळीच जा. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातही जाडं मीठ मिळतं, पण ते कुठल्या आगरातलं ते विचारून घ्या.